दोन सीटच्या सायकलनं भोजलीच्या गावाले

दोन बुढे एका सायकलवर बसले की लोक हसतात. आमाले बी हसले. भिलाईच्या सेक्टर २ च्या बाजारात चहाच्या ठेल्यावरचा एक जण ओरडला, "बाबा, दूसरी साइकिल चोरी हो गई क्या?" मागच्या सीटवरून सुखदेव म्हणला, "नहीं बेटा, साइकिल तो अपनी है. सामने वाला बुढ्ढा चोरी का है." सगळे हसले. मी हसलो नाही. मले हसून तवा अकरा महिने झाले होते.

हे इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहून राहिलो. मी सातवी शिकलो, त्यातलं बी अर्धं विसरलो. पण मंडळात जो भेटते तो विचारते, कसे गेले, कुठं गेले, अन् तोंडानं सांगणं मले जमत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सायकल सुखदेवच्या पोराची. बायकोसंग फिरायले म्हणून त्यानं घेतली होती. लांब दांडा, दोन सीटा, दोन हँडल, जाड दातेवाले टायर. डोंगरावर चालते म्हणे. पुढचं हँडल वळते, मागचं नुसतं धरायले. दोघांचे पायडल एकाच चैनीनं बांधलेले. पुढच्यानं पाय थांबवला की मागच्याचा बी थांबते, त्याची मर्जी असो की नसो. पोरगा हैदराबादले नोकरीवर गेला अन् सायकल पडवीत पडून राहिली.

सुखदेव अन् मी पोलादाच्या प्लांटमध्ये तीस वर्षं संग होतो. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये, तो खाली खलाशी, म्हणजे वजनाले साखळी बांधणारा. तो हात दाखवे, आवाज देये, मंग मी वजन उचलत होतो. हापीस म्हणजे वर उचल, आरिया म्हणजे खाली सोड. त्यानं क्लियर म्हणल्याशिवाय मी कधी खिळा बी हलवला नाही. बोलायचं काम त्याचं, ऐकायचं काम माहं. घरीही मी तेच चालवलं. बुढी बोलत राहे, मी जेवत राहो. आता साखरेच्या बिमारीनं सुखदेवचे डोळे गेले. उजेड हाये की अंधार, एवढंच समजते त्याले.

बुढी म्हणजे माही बायको. आमच्या भंडाऱ्याकडच्या जुन्या लोकांत नवरा बायकोचं नाव घेत नव्हता अन् बायको नवऱ्याचं. मी तिले आधी 'अवो' म्हणो, पोरगा झाल्यावर 'प्रकाशची माय', अन् पोरं दूर गेल्यावर 'बुढी'. मागच्या माघात ती गेली. पाच दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी म्हणली, "माह्या भोजलीले सांगजा. चिठ्ठी-फोन नका करू. तुमी सोता जाऊन सांगजा." मी 'हो' म्हणलं. मी सगळ्यालेच हो म्हणत होतो.

भोजली काय असते, ते महाराष्ट्रातल्या वाचणाऱ्यांले सांगतो. इथल्या छत्तीसगडी बाया श्रावणात टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात. त्याले पिवळे पिवळे अंकुर येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी गात गात ते तळ्यात सोडतात. त्यातले चार अंकुर दोघी जणींनी एकमेकीच्या कानावर खोवले की त्या जन्माच्या भोजली झाल्या. मंग एकमेकीचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची तर 'भोजली' म्हणूनच.

बुढीची भोजली भाजीवाली होती, परसाडीह गावची. आमच्या क्वार्टरांच्या लायनीत टोपलं घेऊन येये. मागच्या दारी बसून दोघींचं चाले. मले तो बायांचा खेळ वाटे. तीन वर्षांखाली भोजलीचे गुडघे गेले, येणं बंद झालं. बुढी म्हणे, "मले एकदा तिच्याकडे नेऊन द्या जी." मी म्हणो, "जाऊ." तीन वर्षं 'जाऊ' म्हणलं.

अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागल्यावर सुखदेव काठी टेकत आला.

"वरीस व्हायले आलं. भोजलीले सांगितलं काय?"

"नाही."

"कावून?"

"कसा जाऊ? बस फाट्यावर सोडते, तिथून कोसभर पायी. मले गाडी येत नाही, माहे गुडघे चालत नाहीत."

"सायकलनं जा. ती नहराच्या पारेनंच येत होती ना? त्याच रस्त्यानं जाऊ. मी मागं बसतो."

"तुले दिसत नाही बे."

"मले कुठं हँडल धरायचं हाये? मी पाय देतो, तू डोळे दे. पण एक शर्त हाये." त्यानं काठी माह्या पायावर ठेवली. "तू बोलशील. खड्डा आला, खड्डा म्हण. गोटा आला, गोटा म्हण. चढ आला तर हापीस, उतार आला तर आरिया. अन् काहीच नसंल तर क्लियर म्हण. तू चुप बसला की मले वाटते पुढे काहीतरी हाये. मी डोळ्यानं आंधळा, तू तोंडानं मुका. एका सायकलवर दोन नाही चालणार."

सुखदेवची मंडळी आतून म्हणली, "भाऊजी, रिकाम्या हातानं नका जाऊ. बाईच्या नावानं लुगडं न्या." म्हणून दुर्गच्या जुन्या बाजारात जाऊन मी एक लुगडं घेतलं. कत्थी रंग, पिवळा काठ. आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्यानं लुगडं घेतलं. दुकानदारानं विचारलं, "किसके लिए, बाबा? घरवाली के लिए?" मी म्हणलं, बांधून दे.

मरोदा, नहराची पार

पहिली गोष्ट म्हणजे या सायकलवर बसणंच येत नाही. मी उजवा पाय टाको, तो डावा टाके. तीनदा पडता पडता राहिलो. मंग सुखदेव म्हणला, "प्लांटसारखं कर. आधी सांग, मंग हल." मी म्हणलं, "उजवा. हापीस." अन् सायकल निघाली. सीधी नाही, पण निघाली.

मरोदाच्या तलावापर्यंत डांबर होतं. तिथून नहराची पार, म्हणजे कालव्याचा बांध, धरली. एका बाजूले नहराचं पाणी, दुसऱ्या बाजूले खाली शेतं. रस्ता म्हणजे लाल मुरूम, मधात गवताची पट्टी अन् दोन बाजूंले बैलगाडीच्या चाकोऱ्या. सायकल एका चाकोरीत घुसली की रेल्वेसारखी तिच्यातच चाले. बाहेर काढायची म्हणलं तर दोघांनी एकाच वेळी अंग टाकावं लागे.

मी ओरडत राहिलो. खड्डा. गोटा. डावीकडे काटे, पाय आत घे. बैल बसला हाये. आरिया, आरिया. क्लियर. सुरुवातीले माहा आवाज मलेच ओळखू येईना, एवढा बसलेला होता. अकरा महिन्यांत एका दिवसात एवढे शब्द मी काढले नव्हते. खरं सांगायचं तर लग्न झाल्यापासूनच काढले नव्हते.

धान कापून झालं होतं. खुंट्यांच्या मधात तिवऱ्याचे हिरवे वेल पसरले होते. आमच्या भंडाऱ्याकडे त्याले लाखोरी म्हणतात. तिकडे बी असंच करतात, धान उभं असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बी फेकून देतात. मी सुखदेवले सांगितलं, लाखोरी हाये. तो म्हणला, "फूल आलं?" मी म्हणलं, निळं निळं. तो म्हणला, "मंग माय आठवते." त्याची माय बी तिकडचीच, पवनीकडची. मंग आमी बराच वेळ नुसतं पायडल मारलं, पण मधात मधात मी क्लियर म्हणत होतो.

मागं वळून पाहिलं तर प्लांटच्या चिमण्या अजून दिसत होत्या. उतई गावाच्या पुढे त्या दिसेनाशा झाल्या. पुढे बाभळीचा काटा घुसला, मागचा टायर बसला. सुखदेवनं बसल्या जागी हातानंच चाक काढलं, ट्यूब गालाले लावून हवा कुठून निघते ते शोधलं, पंचर चिकटवलं. मी नुसता पंप धरून बसलो होतो. "पाहा," तो म्हणला, "डोळेवाल्यापेक्षा गाल बरा."

दुपार कलली तवा समोर पारेवर एक बाई चाललेली दिसली. डोक्यावर टोपलं, एक हात टोपल्याले, एक हात मोकळा. पायात काही नाही. भोजली तशीच चालत येये. तिले पाहून मले आमचं मागचं दार दिसलं. बुढी कडी काढते हाये, पदरानं हात पुसते हाये, अन् हसते हाये. माह्यासंग ती तशी हसत नव्हती. मी कधी विचारलं नाही की दोघी कशाले हसता.

तेवढ्यात पार संपली. कोणीतरी शेतात पाणी घ्यायले पार कापली होती, कंबरभर खोल. मले दिसली, पण तोंडातून शब्द निघाला नाही. सुखदेव तिकडे जोरानं पायडल मारून राहिला होता. पुढचं चाक खाली, मागचं वर, अन् आमी दोघं बांधीच्या चिखलात.

मी तोंडातला चिखल थुंकला. मंग सुखदेवचा आवाज आला.

"डोमा, मी मेलो काय?"

"नाही."

"हात-पाय हायेत?"

"हायेत."

"मंग एवढं सांगायले बी तुले मी विचारायची वाट पाहावी लागते काय बे?" त्यानं तोंडावरचा चिखल पुसला. हसला नाही. "तुले दिसलं होतं ना?"

"दिसलं."

"अन् बोलला नाही."

"नाही."

"तिकडे ती बाई वर्षभर बसून हाये, तिले नाही बोलला. इकडे मी मागं बसून हाओ, मले नाही बोलला. तू चुप राहतं अन् पडतात दुसरे."

मी सायकलीकडे वळलो. हँडलले बांधलेली थैली चिखलात उपडी पडली होती. लुगडं बाहेर आलं होतं. पिवळा काठ कुठं अन् माती कुठं, समजत नव्हतं.

बिसाहूचं घर

टोपलंवाल्या बाईनंच हाक मारून माणूस आणला. तो तिचा नवरा, बिसाहू. त्यानं आधी सुखदेवले काढलं, मंग सायकल काढली. सायकलीकडे पाहून म्हणला, "ये का गाडी ए बबा? दू झन के नाँगर कस." म्हणजे दोघांनी ओढायचा नांगर वाटते. एका अर्थानं तसंच होतं. सुखदेवचं कोपर सोललं होतं, माहं मनगट सुजलं होतं. सायकलीले खरचट बी नव्हती.

त्यानं घरी नेलं. शेणानं सारवलेलं अंगण, कोपऱ्यात धानाची कोठी. त्याच्या बाईनं थंड्या भातात तांदळाचं पीठ मळून उंडा चुलीच्या निखाऱ्यावर पानात गुंडाळून भाजला, त्याले अंगाकर म्हणतात. आमच्याकडचे पानगे असतात, त्याची मोठी बहीण. संग टमाटर भाजून पाट्यावर वाटलेली चटणी दिली.

पहिला घास घेतला अन् मी थांबलो. ही चटणी माह्या घरची होती. तीच मिरची, तोच धूर, तोच वरून कच्च्या लसणाचा ठसका. मी इतकी वर्षं समजत होतो की ही भंडाऱ्याची, बुढीच्या मायची. भंडाऱ्याची नव्हती. ती मागच्या दारानं आली होती, टोपल्यातून. मी तीस वर्षं भोजलीच्या हातचं जेवलो अन् मले मालूम नव्हतं.

बिसाहूची बाई लुगडं बादलीत धूत होती. तिनं विचारलं, "नवा लुगरा, काकर बर ए बबा?"

मी म्हणलं, माह्या बाईच्या भोजलीसाठी.

"अउ तोर बाई?"

"नाही राहिली. माघात गेली."

तिचे हात पाण्यात थांबले. "माघ म? अउ भोजली ला खबर नइ करे?"

मी मान हलवली. नवऱ्याकडे तिनं असं पाहिलं की मले जमीन फाटावी वाटलं. मंग बिसाहूनं समजावून सांगितलं. भोजली म्हणजे पाठची बहीण. ती मेली तर दुसरीच्या घरी बी सुतक. दहा दिवस तेल नाही, हळद नाही. रोज तळ्यावर मेलेल्याले पाणी द्यायचं, दहाव्या दिवशी नहावन, म्हणजे शेवटची आंघोळ. "ओकर हक ए, बबा," तो म्हणला. तिचा हक्क हाये.

मी मंडळातल्या सगळ्यांले फोन केले होते. पोराच्या सासरी केला होता. गावच्या चुलत-मावसांले, ज्यांनी बुढीले दहा वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यांले बी केला होता. कार्ड छापले होते. अन् जिचा हक्क होता तिले मी बायांचा खेळ म्हणून सोडून दिलं होतं.

रात्र तिथंच पडवीत काढली. सुखदेव घोरला. मले बी लागली झोप, खोटं कावून बोलू.

परसाडीह

सकाळी लुगडं ओलंच होतं. सुखदेव म्हणला, पुढच्या हँडलपासून मागच्या हँडलपर्यंत बांध, चालता चालता वाळते. तसं केलं. आता सायकलीच्या एका बाजूनं लुगडं फडफडत होतं, कत्थी अन् पिवळं, अन् आमी दोघं मधात. शेतातले लोक उभे राहून पाहत होते. मी ओरडत होतो, खड्डा, क्लियर, चढ, हापीस. मनगट ठणकत होतं.

नहर सुटली, पळसाचं जंगल लागलं. पायवाट मुळांनी भरलेली. सायकल लांब असल्यानं वळणावर वळेना, दर वेळी उतरून मागचा भाग उचलून ठेवावा लागे. सुखदेव म्हणे, "आपण सायकलवर बसून राहिलो की सायकल आपल्यावर?" सूर्य डोक्यावर यायच्या आधी गाव आलं. पन्नासेक घरं, मधात तळं, तळ्याच्या पारेवर वड.

विहिरीवर तीन बाया होत्या. एकीनं विचारलं, "काकर घर जाबे बबा?"

"भोजलीच्या घरी," मी म्हणलं.

तिघी बी हसल्या. "कोन भोजली? ए गाँव म तो घरो-घर भोजली हे. नाव का हे?"

तवा मले समजलं की मी काय करून बसलो. मले नाव मालूम नव्हतं. बुढीनं तिचं नाव कधी घेतलंच नाही, अन् मी कधी विचारलं नाही. मी म्हणलं, भाजी विकायची, भिलाईले. त्या म्हणल्या, इथल्या दहा जणी जातात. दिसायले कशी? आता काय सांगू? एवढी वर्षं बाई माह्या दाराशी बसली अन् मी तिचं तोंड धड पाहिलं नव्हतं. हातावर गोंदण होतं, म्हणलं. त्यांनी तिघींनी आपले हात पुढे केले. तिघींच्या बी हातावर गोंदण होतं.

एवढं येऊन परत जायचं काय, असं झालं. मी सायकल वडाले टेकवली अन् खाली बसलो.

सुखदेव उभाच होता. मान तिरपी करून ऐकत होता. "चुप," तो म्हणला.

"मी काहीच बोललो नाही."

"बरं केलं. आज पहिल्यांदा बरं केलं."

तळ्याच्या पलीकडून कोणी बाई कोंबड्यांवर ओरडत होती. लांब, खणखणीत, शेवटचा शब्द वर चढवत. सुखदेवनं काठी तिकडे केली. "हाच आवाज. 'चेच भाजी, लाल भाजी ले लव ओ दाई'. माह्या लायनीत बी येत होती ना. डोळे गेल्यावर दोन वर्षं मी त्या आवाजावर सकाळ ओळखत होतो. तिकडे चल."

मी पुढे, तो माह्या खांद्यावर हात ठेवून मागं. वाळलेलं लुगडं मी घडी करून हातात घेतलं होतं.

एक बुढी बाई उंबऱ्यावर बसली होती, पाय लांब केलेले, गुडघ्याले तेल लावलेलं. तिनं मले पाहिलं. मंग माह्या मागं पाहिलं, सुखदेवच्याही मागं, रस्त्यावर. मंग लुगड्याकडे पाहिलं.

मी सांगायले तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"भांटो," ती म्हणली. बहिणीच्या नवऱ्याले इथं भांटो म्हणतात. मले कोणी कधी म्हणलं नव्हतं. "लुगरा तैं लाने हस. भोजली कहाँ हे?"

मी म्हणलं, "गेली."

"कब?"

"माघात."

ती बोटांवर महिने मोजत गेली. माघ, फागुन, चैत. एक एक. अगहनपर्यंत आली अन् बोटं मिटली.

"मैं हाँसेंव, भांटो," ती म्हणली. "होली म हाँसेंव. राखी के बिहान भोजली सराएंव, गाएंव. पंचमी के मछरी खाएंव. भोजली मर गे रिहिस अउ मैं हाँसत रहेंव." होळीले हसली, भोजली सोडताना गायली, सणाले मासे खाल्ले, भोजली मेलेली अन् ती हसत होती. ती रडत नव्हती. तिचा आवाज बी चढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चुकलं," मी म्हणलं. "माही चूक हाये."

"हव," ती म्हणली. हो, तुही चूक हाये. तिनं माफ केलं असं मी लिहिणार नाही. तिनं तसं म्हणलं नाही.

मंग तिनं गुडघ्यावरचं तेल पदरानं पुसून काढलं, घासून घासून, अन् भिंत धरून उठली. म्हणली, तळ्यावर चल. पाणी द्यायचं राहिलं हाये.

शेजारच्या दोन बायांनी तिले धरून घाटाच्या पायऱ्यांवरून उतरवलं. थंड्या पाण्यात ती छातीपर्यंत गेली, तीनदा बुडली. ओंजळीत पाणी घेतलं अन् माह्याकडे वळली.

"नाव ले के देथें," ती म्हणली. ज्याले पाणी द्यायचं त्याचं नाव घ्यावं लागते. "मैं ओकर नाव नइ ले सकंव. भोजली बदे हन. तैं ले."

मी काठावर उभा होतो. लग्न झाल्यापासून मी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. कार्डावर पोरानं छापलं होतं, फोटोखाली लिहिलं होतं, दवाखान्याच्या कागदावर होतं. पण माह्या तोंडातून, एकदाही नाही. ती शेवटच्या दिवशी डोळे मिटून पडली होती तवा नर्स म्हणली होती, "बाबा, आवाज दो, सुनेंगी." मी नुसतं 'अवो' म्हणलं होतं. दोनदा. हळूच, लोक होते म्हणून.

भोजलीच्या ओंजळीतून पाणी गळून राहिलं होतं.

"पारबता," मी म्हणलं.

"नइ सुनाइस."

"पारबता."

मागून सुखदेव म्हणला, "मी बुद्धाचा माणूस, हे पाणी-बिणी मले काही समजत नाही. पण आवाज द्यायचा असंल तर पोचंल असा दे. क्रेनच्या केबिनपर्यंत जाईल असा दे."

मी दिला. "पारबता!" बदकं उडाली. पलीकडच्या काठावर कपडे धुणारी बाई थांबली. भोजलीनं ओंजळ सोडली. पुन्हा भरली. मी पुन्हा म्हणलं. पाच वेळा तिनं पाणी दिलं, पाच वेळा मी नाव घेतलं. पाचव्या वेळी माहा आवाज फुटला, तरी घेतलं.

वर आल्यावर तिनं आडोशाले जाऊन ते लुगडं नेसलं. काठावर एका जागी चिखलाचा डाग राहिला होता. मी म्हणलं, पडलो होतो, डाग निघाला नाही. तिनं डागावर बोट फिरवलं अन् म्हणली, राहू दे.

तिनं आमाले जेवू घातलं नाही. तिच्या घरी आता सुतक होतं, चूल पेटणार नव्हती. शेजारणीनं चहा दिला. निघताना भोजली दारापर्यंत आली अन् म्हणली, "दसवाँ दिन आबे." दहाव्या दिवशी ये. मी 'जाऊ' नाही म्हणलं. मी म्हणलं, येतो. अन् गेलोही, बसनं अन् पायी, गुडघे सुजले तरी. पण ते यात लिहीत नाही.

तिचं नाव मी अजून विचारलं नाही. जे माह्या बाईनं घेतलं नाही ते मी कावून घेऊ?

परत

त्याच पारेनं आलो. कापलेली पार बिसाहूनं बुजवून दिली होती, वरून सपाट, नुसती माती ताजी दिसत होती. जिथं टोपलंवाली बाई दिसली होती, ती जागा आली. दूरपर्यंत पार सीधी होती. ऊन कललं होतं, नहरीत पाणी, खाली लाखोरी. पारेवर कोणी नव्हतं.

मागून सुखदेवनं पायडल हलकं केलं, म्हणजे माहं बी हलकं झालं.

"चुप कावून झाला बे? पुढे काय हाये?"

मी पाहिलं. परत पाहिलं.

"काही नाही."

"मंग तसं सांग ना."

"क्लियर," मी म्हणलं.